पायलटांची भरती थंडावली असताना पुढे काय शिकावं?

येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३० हजार पायलट लागणार, ही बातमी गेल्या काही वर्षांत घरोघरी पोचली. ती वाचून जळगावात, सांगलीत, लातुरात कितीतरी पालकांनी मुलांना विमान चालवायला शिकवलं. कुणी जमीन तारण ठेवली, कुणी राहतं घर. आता मुलाच्या किंवा मुलीच्या हातात सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स आहे, दोनशे तासांचं लॉगबुक आहे, पण फ्रेशरसाठी जागा कुठेच निघत नाही. "मग आता पुढे काय?" असं प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच. या प्रश्नाचं घाईत दिलेलं उत्तर आणखी वीस-पंचवीस लाखांना पडू शकतं, म्हणून तो सावकाश सोडवून पाहू.

बातमी खोटी नव्हती आणि घरी बसलेल्या मुलाची अडचणही खोटी नाही. दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळलं की निम्मा गोंधळ कमी होतो.

एअरबस ए-३२० सारखं एक विमान दिवसभर उडतं ठेवायचं तर त्यासाठी साधारण दहा-बारा पायलट लागतात, निम्मे कॅप्टन आणि निम्मे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. म्हणजे नोकरी तयार होते ती विमान धावपट्टीवर येऊन उभं राहिल्यावर, ऑर्डरची बातमी छापून आल्यावर नव्हे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानांची आणि जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर जाहीर केली. ही विमानं वर्षानुवर्षं, थोडी थोडी येणार आहेत. मुलं मात्र त्याच वर्षी फ्लाइंग क्लबांत दाखल झाली. २०२३ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी नियामक संस्थेनं, सोळाशेहून जास्त सीपीएल दिली. तोवरचा तो उच्चांक होता.

त्याच वर्षी दुसरीकडे गाडं अडलं. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या धातूच्या भुकटीत दोष सापडला आणि इंजिनं तपासणीसाठी उतरवावी लागली. इंडिगोची सत्तरहून जास्त विमानं एकाच वेळी जमिनीवर उभी होती. गो फर्स्टनं मे २०२३ मध्ये उड्डाणं थांबवली ती कायमचीच. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्सचा दरवाजाच्या जागी बसवलेला भाग हवेत निखळला. त्यानंतर बोइंगचं उत्पादन मंदावलं, आणि हीच विमानं वापरणाऱ्या अकासा एअरलाइननं नोकरीवर घेतलेले कितीतरी पायलटसुद्धा विमानांची वाट बघत बसून राहिले.

एक कंपनी बंद पडली की त्याचा फटका फ्रेशरला दुहेरी बसतो. तिथल्या जागा तर जातातच, शिवाय तिथले अनुभवी, टाइप रेटिंग (विशिष्ट विमान चालवण्याची परवानगी) असलेले पायलट बाजारात येतात आणि रांगेत तुमच्या पुढे उभे राहतात. त्यांच्यानंतर येतात एअरलाइननं स्वतःच्या कॅडेट प्रोग्रॅममधून घडवलेली मुलं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० पायलट तयार करण्यासाठी एअर इंडियानं हाती घेतलेली शाळा याच वाटेचा भाग आहे. स्वतःच्या खर्चानं सीपीएल केलेल्या, कुठल्याही कंपनीशी न जोडलेल्या मुलाचा नंबर या दोघांनंतर लागतो.

मग डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ती पायलट कमी पडल्यानंच ना? हो. विश्रांतीचे नियम कडक झाले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली आणि रोस्टरला, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाला, माणसं पुरली नाहीत. पण असा खड्डा नव्या सीपीएलधारकांना बोलावून आठवड्याभरात बुजवता येत नाही. सेसना १७२ या छोट्या विमानावर दोनशे तास केलेल्या मुलाला ए-३२० च्या उजव्या सीटवर बसवायचं तर टाइप रेटिंग, सिम्युलेटर, बेस ट्रेनिंग (खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंगचा सराव) आणि मग ट्रेनिंग कॅप्टनबरोबर प्रवाशांसह उड्डाणं, असा कित्येक महिन्यांचा रस्ता आहे. सिम्युलेटर मोजके, ट्रेनिंग कॅप्टन त्याहून मोजके. म्हणून टंचाई आणि बेकारी या धंद्यात शेजारी शेजारी राहतात.

हे आजचंच नाही. २००५-०६ मध्ये स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर (पुढची गो फर्स्ट), इंडिगो अशा कंपन्या पाठोपाठ आल्या आणि सीपीएलची लाट आली. जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं, जागतिक मंदी आली आणि ती लाट किनाऱ्यावर अडकली. २०१२ मध्ये किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज, २०२० मध्ये कोविड. प्रत्येक वेळी भरती थांबली आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरू झाली. किती दिवसांनी, ते मात्र कधी सहा महिने, कधी चार वर्षं. या बाबतीत कुणी छातीठोक तारीख सांगत असेल तर त्याच्याकडे विकायला एखादा कोर्स आहे का, ते आधी बघावं.

आता शिक्षणाकडे येऊ.

मंदीत शिकून घ्यावं, असा सल्ला सगळ्याच क्षेत्रांत देतात आणि त्यात तथ्य आहे. नोकरी असताना दोन वर्षं शिकायला गेलो तर दोन वर्षांचा पगार बुडतो. नोकरीच नसेल तर बुडायला पगारही नाही, म्हणून शिक्षण स्वस्त पडतं. पायलटच्या बाबतीत मात्र हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. अकाउंटंट दोन वर्षं घरी राहिला तरी त्याची बी.कॉम. कागदावर तशीच राहते. पायलटचं मेडिकल दर वर्षी नव्यानं करावं लागतं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवर विमान चालवण्याच्या परवानगीची, चाचणी दर वर्षी द्यावी लागते, आणि हाताचा सराव तर त्याआधीच जातो.

म्हणून मला सगळ्यात उपयोगी वाटणारी कसोटी ही: जे शिकणार आहात ते दूध आहे की तूप? काही पात्रता लगेच वापरली नाही तर नासते, काही वर्षानुवर्षं टिकते. भरती बंद असताना टिकणाऱ्या गोष्टीत पैसा आणि वेळ घालावा. नासणारी गोष्ट गिऱ्हाईक दारात आल्याशिवाय विकत घेऊ नये. आधीपासून हातात असलेली नासणारी गोष्ट, म्हणजे तुमचं लायसन्स, तेवढी मात्र जपायची.

ते जपणं हा पहिला खर्च आणि तो कुठल्याही नव्या कोर्सच्या आधी बाजूला काढावा. क्लास वन मेडिकल, मल्टी-इंजिन विमानावर किंवा सिम्युलेटरवर इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरण, अधूनमधून थोडे तास. वर्षाला लाखांत जाणारा हा आकडा आहे. नोकरी नसताना तो जिवावर येतो, हे कळतं. पण भरतीची जाहिरात येते तेव्हा अर्ज भरायला मोजके दिवस मिळतात आणि 'करंट' असणं, म्हणजे मेडिकल आणि रेटिंग मुदतीत असणं, ही पहिली अट असते. तेव्हा धावपळ करून मल्टी-इंजिनचा स्लॉट मिळत नाही, कारण बाकीचे शेकडो जणही तेव्हाच धावतात.

कर्जाचं गणितही इथेच मांडून ठेवू. समजा ५० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं आहे. हप्ते सुरू झाले नसले तरी वर्षाचं नुसतं व्याज ५ लाख होतं, म्हणजे महिन्याला साधारण ४२ हजार रुपये. दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता ६६ हजारांच्या आसपास बसतो. बहुतेक शैक्षणिक कर्जांत कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्षभर सूट असते. त्या काळात व्याज मात्र वाढतच राहतं. त्यामुळे नव्या कोर्सची किंमत फक्त त्याच्या फीएवढी नसते. त्या काळात चढणारं जुन्या कर्जाचं व्याजही तिच्यात धरावं लागतं. पूर्ण वेळ दोन वर्षं शिकायचं ठरवलं तर या उदाहरणात ते १० लाखांच्या घरात जातं.

टाइप रेटिंगचा मोह

सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात, म्हणून जरा थांबून पाहू. टाइप रेटिंग म्हणजे विशिष्ट विमान चालवण्याची परवानगी: ए-३२०, बोइंग ७३७, एटीआर. खर्च साधारण १५ ते २५ लाख. भरती मंद असली की जाहिराती सुरू होतात, 'रेटेड व्हा, रांगेत पुढे या'. भरती जोरात असते तेव्हा यात थोडं खरंही असतं. काही कंपन्या रेटिंग असलेल्या फ्रेशरला आधी बोलावतात.

पण मंदीत हे दूधच आहे. दोनशे तासांच्या पायलटला नुसतं सिम्युलेटर पुरत नाही. खऱ्या विमानावर टेकऑफ आणि लँडिंग केल्याशिवाय रेटिंग लायसन्सवर चढत नाही, आणि पाठीशी एअरलाइन नसेल तर ते विमान तुम्हालाच शोधावं लागतं, पुष्कळदा परदेशात. रेटिंग मिळालं तरी ते न वापरता जितका काळ लोटतो, तितकं सिम्युलेटरवर पुन्हा करावं लागतं. आणि पहिली भरती काढणाऱ्या कंपनीकडे दुसरंच विमान असेल, तर पुन्हा नव्यानं पैसे. शिवाय अनेक एअरलाइन्स मुलाला निवडल्यावर आपल्या पसंतीच्या केंद्रातच रेटिंग करायला लावतात. माझं मत सरळ आहे: हातात लेखी ऑफर नसेल तर कर्ज काढून टाइप रेटिंग करू नये. 'ओळख आहे, लावून देतो' ही लेखी ऑफर नव्हे. घरात पैसा सुटा पडलेला असेल आणि तो बुडाला तरी चालणार असेल, त्यांची गोष्ट वेगळी.

पदवी: राहून गेलेली गोष्ट

सीपीएलसाठी फिजिक्स आणि मॅथ्ससह बारावी पुरते. त्यामुळे बरीच मुलं बारावीनंतर थेट थिअरीच्या ग्राउंड क्लासेसला जातात आणि बावीस-तेविसाव्या वर्षी त्यांच्याकडे अर्ध्या कोटीचं प्रशिक्षण असतं, पण पदवी नसते. डीजीसीएला तिची गरज नाही, हे खरं. पण पदवीच्या पलीकडे जी दारं आहेत, त्यातली काही थेट विमानांकडेच जातात.

हवाई दलाची एएफकॅट परीक्षा पाहा. फ्लाइंग ब्रँचची वयोमर्यादा २० ते २४ आहे, पण डीजीसीएचं वैध सीपीएल असेल तर ती २६ पर्यंत वाढते. म्हणजे तुमच्या लायसन्सला तिथे थेट किंमत आहे. मुख्य अट ही, की ६० टक्क्यांनी पदवी हवी. ही सवलत अनेक घरांना माहीतच नसते, आणि कळते तेव्हा मुलगा पंचवीसचा आणि बिनपदवीचा असतो. दुसरं दार एअर ट्रॅफिक कंट्रोलचं (एटीसी), म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट देण्याच्या कामाचं. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदाला फिजिक्स आणि मॅथ्ससह बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, खुल्या गटाला वयोमर्यादा २७. रेडिओवर पलीकडचा पायलट काय करतो आहे हे ज्याला आतून माहीत आहे, असा कंट्रोलर व्हायला सीपीएलधारकाला काय हरकत आहे? बँका, एमपीएससी, यूपीएससी यांना कुठलीही पदवी चालते.

इथे एक बारकावा आहे आणि तो महागात पडू शकतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची किंवा इग्नूची दूरशिक्षणातली पदवी वर्षाला काही हजारांत होते, घरी बसून होते, मधेच एअरलाइनचं बोलावणं आलं तरी सोडावी लागत नाही. स्पर्धा परीक्षांना ती चालते. पण एटीसीच्या जाहिरातीत पूर्ण वेळ, नियमित पदवी मागितलेली असते, तिथे मुक्त विद्यापीठाची चालत नाही. 'बीबीए एव्हिएशन'मध्ये फिजिक्स नसतं, म्हणून तीही चालत नाही. तेव्हा आधी दार ठरवावं, मग पदवी निवडावी. उलट क्रमानं गेलं तर तीन वर्षांनी जाहिरात वाचून हळहळ होते. खासगी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घेत असाल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत तो अभ्यासक्रम त्या वर्षासाठी आहे का, हे स्वतः पाहावं.

पदवीचा आणखी एक उपयोग मंदी संपल्यावरही राहतो, आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो. पायलटची सगळी कारकीर्द दर वर्षीच्या मेडिकलवर उभी असते. पस्तिसाव्या वर्षी एखादा आजार निघाला, उडणं थांबलं, तर नुसत्या बारावीच्या जोरावर नव्यानं सुरुवात करणं फार कठीण जातं. या विषयावर घरात बोलायला कुणाला आवडत नाही, पण बोलायला हवं.

एमबीए आणि 'एव्हिएशन'चं लेबल

पदवी आधीच असेल तर एमबीएचा विचार येतो. इथे नावाकडे नीट बघावं. विमान कंपन्या पायलट घेणं थांबवतात तेव्हा त्यांची ऑफिसं, विमानतळांवरच्या कंपन्या, ग्राउंड हँडलिंगवाले यांचीही भरती आखडते. एव्हिएशन मॅनेजमेंटचा कोर्स केला तर दोन्ही पाय एकाच होडीत राहतात. पर्याय म्हणून शिकायचं असेल तर ते अशा क्षेत्रातलं असावं जे विमानांबरोबर बुडत नाही: फायनान्स, डेटा, सप्लाय चेन, शिक्षकी पेशा, अगदी घरचा व्यवसाय नीट चालवण्याचं शिक्षणसुद्धा. पायलटकडे आधीच आकड्यांची सवय, चेकलिस्टची शिस्त आणि दडपणाखाली निर्णय घेण्याचा सराव असतो. तो इतरत्रही चालतो.

पूर्ण वेळ, निवासी एमबीएला जाताना एका प्रश्नाचं उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून आधीच ठरवावं: पहिल्या वर्षाच्या मध्यात एअरलाइनचं बोलावणं आलं तर काय करायचं? एअरलाइनमध्ये ज्येष्ठता रुजू झालेल्या तारखेपासून मोजली जाते. कमांड (कॅप्टनपद), बेस (कुठल्या शहरातून उडायचं), सुट्ट्या, सगळं तिच्यावर ठरतं. वर्षभर उशिरा गेलात तर पुढे शंभर-दोनशे जण लागलेले असू शकतात. माझ्या मते उडायची इच्छा शाबूत असेल तर कोर्स सोडून जावं. आणि ते पटत नसेल तर तो कोर्स पर्याय नसून तुमची नवी दिशा आहे, असं समजावं. त्यात काही गैर नाही.

इन्स्ट्रक्टर व्हावं का?

शिकत शिकत कमावण्याची आणि तास वाढवण्याची ही एकच वाट आहे. आधी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर, मग पूर्ण इन्स्ट्रक्टर. बारामती, गोंदिया, धुळे, शिरपूर इथे फ्लाइंग चालतं, आणि चांगल्या इन्स्ट्रक्टरची चणचण देशभर आहे. अमेरिकेत एअरलाइनमध्ये जाण्याआधी १५०० तास लागतात म्हणून तिथे ही रुळलेली वाट आहे. आपल्याकडे दोनशे तासांवर एअरलाइन घेते, त्यामुळे मुलं तिकडे वळत नाहीत. मंदीत मात्र हा पर्याय उठून दिसतो. हात सरावात राहतो, थिअरी रोज शिकवल्यामुळे पक्की होते, आणि साठलेले तास पुढे एटीपीएलच्या, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या लायसन्सच्या, १५०० तासांत धरले जातात. रेटिंगचा खर्च आणि आधीच्या तासांची अट पूर्ण करावी लागते, जागाही कमी आहेत, तरी टाइप रेटिंगच्या तुलनेत मी हजार वेळा हेच सुचवीन. फक्त वेळ काढायला म्हणून इन्स्ट्रक्टर होऊ नये. शेजारच्या सीटवर अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा लँडिंग करत असतो.

एटीपीएलचे पेपर देणं हा कमी खर्चाचा अभ्यास आहे. एअरलाइनच्या लेखी परीक्षेत नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी हेच विषय येतात, त्यामुळे तयारी वाया जात नाही. त्या निकालालाही मुदत असते. १५०० तास होईपर्यंत ती टिकेल का, हे पाहून पेपरांची वेळ ठरवावी. ड्रोनचं रिमोट पायलट सर्टिफिकेट काही दिवसांत होतं, शेतीफवारणी आणि सर्व्हेची कामं मिळतात, घरखर्चाला हातभार लागतो. त्याला कारकीर्द समजू नये. परदेशी लायसन्स करून घेण्याआधी त्या देशात नोकरी करायचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे का, ते विचारावं. बहुतेकांना नसतो.

दोन उदाहरणं घेऊ, दोन्ही कल्पित. साताऱ्याची बावीस वर्षांची मुलगी, सीपीएल आहे, पदवी नाही, ४५ लाखांचं कर्ज. तिनं लायसन्स चालू ठेवावं आणि याच जूनमध्ये पदवीला प्रवेश घ्यावा. हवाई दलाचा विचार असेल तर हिशेब घट्ट आहे: बाविसाव्या वर्षी सुरू केलेली तीन वर्षांची पदवी पंचविसाव्या वर्षी पूर्ण होते आणि सव्विसाची मर्यादा लगेच पुढे उभी असते. एक वर्षही दवडायला जागा नाही. कर्जाचा भार पाहता तिनं दिवसा कॉलेज केलं तर संध्याकाळी ग्राउंड क्लासमध्ये शिकवण्याचं काम शोधावं. दुसरा, पुण्याचा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर, नोकरी सोडून सीपीएल केलेला, घरी बाळ येणार आहे. त्याला आणखी पदवीची गरज नाही. त्यानं जुन्या क्षेत्रात नोकरी धरावी, पगारातून दर वर्षी लायसन्स जिवंत ठेवावं आणि भरती निघाली की अर्ज करावा. मधल्या काळात तू काय केलंस, असं मुलाखतीत विचारतील. 'नोकरी केली आणि रेटिंग कधी चुकू दिलं नाही' हे कुठल्याही सर्टिफिकेटइतकंच चांगलं उत्तर आहे.

कुठल्याही कोर्सचे पैसे भरण्याआधी संस्थेला काही गोष्टी लेखी विचाराव्यात. मागच्या बारा महिन्यांत तुमच्याकडून गेलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि कुठे? कोर्स किती महिन्यांत संपेल, उशीर झाला तर जास्तीचा खर्च कुणाचा? मधेच सोडला तर किती पैसे परत? मान्यता कुणाची, आणि तिचं पत्र दाखवाल का? त्या संस्थेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन-तीन मुलांशी, संस्थेनं निवडून दिलेल्या नव्हे, स्वतः शोधलेल्या मुलांशी बोलावं. बँकेतही हप्ते सुरू होण्याआधीच जावं. हप्ता थकण्यापूर्वी मुदतवाढ मागणाऱ्याशी बँक निराळं बोलते, आणि थकल्यावर पालकांचा सिबिल स्कोअरही त्यात जातो, कारण सहकर्जदार तेच असतात.